प्रकल्प नोंदी: ट्रेडमध्ये खेळाडूसोबत काय जातं आणि काय मागे राहतं

३ नोव्हेंबर २०२४

वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची फायनल, संपली, डॉजर्सनी यांकीजना ४-१ नी हरवलं, आणि आता माझ्या मते बेसबॉलचा सगळ्यात भारी काळ सुरू होतोय. मॅच एक नाही पण रोज बातम्या. कोण कुणाला ट्रेड झाला, कुणी किती वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट घेतलं, कुणाला टीमने सोडून दिलं. या हिवाळ्यात नुसतं वाचत बसायचं नाही असं ठरवलंय, जुने ट्रेड आणि सायनिंग घेऊन नीट डेटावर काम करायचं आणि इथे नोंदी ठेवायच्या.

प्रश्न एकच आहे. एखाद्या खेळाडूचे गेल्या सीझनचे आकडे बघून टीम त्याला पैसे देते किंवा त्याच्या बदल्यात आपले खेळाडू देते. त्या आकड्यांपैकी किती भाग खेळाडूचा स्वतःचा असतो, म्हणजे तो नव्या शहरात आपल्यासोबत घेऊन जातो, आणि किती भाग जुन्या मैदानाचा, जुन्या टीमचा, नशिबाचा किंवा उलटून गेलेल्या वयाचा असतो जो मागेच राहतो? स्टॅट्सची खरी किंमत मला इथे वाटते. सगळ्यात चांगला खेळाडू कोण हे पेपर वाचणाऱ्यालाही कळतं, त्यासाठी कोडिंग करायची गरज नाही.

ज्यांना ही सिस्टिम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आयपीएलसारखा लिलाव इथे नसतो. खेळाडू मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, आला की पहिली साधारण तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास खेळतो, पुढची तीन वर्षं पगारावर पटलं नाही तर लवाद आकडा ठरवतो, आणि सहा वर्षांची सर्व्हिस झाली की तो फ्री एजंट होतो, मग ज्याच्याशी पटेल त्याच्याशी करार. हेही सहज मिळालेलं नाहीये. १९६९ मध्ये कर्ट फ्लड या खेळाडूने कार्डिनल्सनी केलेला ट्रेड नाकारला, केस सुप्रीम कोर्टात गेली, १९७२ मध्ये तो हरला, आणि मग १९७५ च्या डिसेंबरात लवादाने मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला तेव्हा दार उघडलं. फ्लडला स्वतःला त्याचा काहीच उपयोग झाला नाही. आज कोट्यवधी डॉलरच्या करारावर सही करणाऱ्या प्रत्येकाने त्याचं नाव एकदा तरी घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

या सहा वर्षांच्या नियमामुळे होतं काय, की बहुतेक खेळाडू बाजारात येतात तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर असतात. बॅटरचा सर्वोत्तम काळ सत्तावीसच्या आसपास असतो हे बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यास करणाऱ्या बिल जेम्सने फार पूर्वी दाखवलंय. म्हणजे टीम पैसे मोजते ते झालेल्या वर्षांकडे बघून आणि मिळतात पुढची वर्षं. सगळा घोळ इथेच आहे.

९ नोव्हेंबर

लाहमन डेटाबेस उतरवून घेतला. शॉन लाहमनने सुरू केलेला हा डेटाबेस फुकट आहे, १८७१ पासूनचा प्रत्येक खेळाडूचा प्रत्येक सीझन त्यात आहे, साध्या सीएसव्ही फाइल्स. असं काही आपल्या रणजी ट्रॉफीचं इतकं स्वच्छ कुणी करून ठेवावं ही फार इच्छा आहे.

आजचा अख्खा दिवस साफसफाईत. ज्यांना हा डेटा वापरायचाय त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. खेळाडू सीझनच्या मध्येच ट्रेड झाला तर त्याच्या त्या वर्षाच्या दोन ओळी असतात, ‘स्टिंट’ नावाच्या कॉलममध्ये १ आणि २, त्या आधी जोडून घ्यायच्या नाहीतर एकाच माणसाची दोन अर्धवट वर्षं होतात आणि ट्रेडचा अभ्यास करणाऱ्यालाच नेमकं हे जास्त नडतं. पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) इनिंग्ज इनिंग्जमध्ये नसून आउट्समध्ये दिल्यात, एका इनिंगला तीन आउट, त्यामुळे तीनने भागायचं. १९५४ च्या आधी सॅक्रिफाइस फ्लाय (स्वतः आउट होऊन रन आणून देणारे उंच फटके) वेगळे मोजत नव्हते म्हणून तो कॉलम रिकामा येतो, तिथे शून्य भरून पुढे जायचं. पगाराची फाइल १९८५ ते २०१६ एवढीच आहे. आणि टीमच्या फाइलमध्ये मैदानाचे दोन कॉलम आहेत, एक बॅटरसाठी एक पिचरसाठी, १०० म्हणजे मध्यम मैदान, १०० च्या वर म्हणजे तिथे रन जास्त होतात. हे दोन कॉलम मला फार लागणार आहेत.

चालू सीझनचे आकडे त्यात अजून नाहीत, ते लागतील तसे एमएलबीच्या साइटवरून हाताने भरणार.

१६ नोव्हेंबर

सुरुवात सगळ्यांना माहीत असलेल्या हिवाळ्यापासून, ओकलंड अ‍ॅथलेटिक्स, २००१-०२. ‘मनीबॉल’ पिक्चर आल्यामुळे ही गोष्ट आपल्याकडेही बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्या हिवाळ्यात तीन माणसं गेली. जेसन जिअँबी यांकीजकडे, ७ वर्षं १२ कोटी डॉलर. जॉनी डेमन बोस्टनला, ४ वर्षं ३ कोटी १० लाख. क्लोजर (शेवटच्या इनिंगचा पिचर) जेसन इझरिंगहाउसन सेंट लुइसला. ओकलंडचा २००२ चा अख्ख्या टीमचा पगार साधारण ४ कोटी, यांकीजचा साडेबारा कोटींच्या वर.

जिअँबीचा २००१ चा सीझन शीटमध्ये टाकला आणि थोडा वेळ नुसता बघत बसलो. ५२० अ‍ॅट बॅट (वॉक वगैरे सोडून बॅटिंगच्या वेळा), १७८ हिट, १२९ वॉक (चार बॉल बाहेर पडले की फुकट मिळणारा बेस), १३ वेळा बॉल अंगावर, ९ सॅक्रिफाइस फ्लाय. ऑन बेस परसेंटेज म्हणजे ओबीपी काढायला वरती हिट, वॉक आणि अंगावरचे मिळवायचे, ३२०. खाली अ‍ॅट बॅट, वॉक, अंगावरचे आणि सॅक्रिफाइस, ६७१. भागाकार ०.४७७. जवळजवळ दर दोन वेळेला एकदा हा माणूस आउट न होता बेसवर पोचतोय! बेसबॉलमध्ये एका मॅचला २७ आउट हीच काय ती पुंजी, आणि हा ती खर्चच करत नाहीये. बॅटिंग अ‍ॅव्हरेजमध्ये वॉक धरतच नाहीत म्हणून ते बघून हे नीट कळत नाही.

ओकलंडचा विचार असा की असा माणूस परत मिळणार नाही, पण तीन जागा मिळून सरासरी काढली, जिअँबी ०.४७७, डेमन ०.३२४ आणि टीममधलाच ओल्मेडो साएंझ ०.२९१, तर येते ०.३६४. मग ०.३६४ च्या आसपासची तीन माणसं आणायची, ती स्वस्त मिळतात कारण बाजार वॉकला किंमत देत नाही. असा आला स्कॉट हॅटबर्ग. कॅचर (बेसबॉलचा विकेटकीपर) होता, कोपराच्या नसेच्या दुखापतीनंतर त्याला पूर्वीसारखा थ्रोच करता येईना, म्हणून कुणाला नको होता. त्याला फर्स्ट बेसला उभा केला. २००२ मध्ये त्याचा ओबीपी ०.३७४. डेव्हिड जस्टिस, वय ३६, त्याचा ०.३७६.

टीम १०३ मॅच जिंकली, त्यात सलग २०. विसाव्या मॅचला, ४ सप्टेंबर २००२, कॅन्सस सिटीविरुद्ध ११-० आघाडी होती, ती ११-११ झाली, आणि हॅटबर्गने पिंच हिटर (बदली बॅटर) म्हणून येऊन होम रन (बेसबॉलचा सिक्सर) मारला. कितीही वेळा वाचलं तरी अंगावर काटा येतो.

१७ नोव्हेंबर

कालचंच पुढे, कारण रात्री टीमची फाइल उघडली आणि त्यात जे दिसलं ते पिक्चरमध्ये नाहीये.

२००१: ओकलंडने केलेले रन ८८४, दिलेले ६४५, जिंकल्या १०२.
२००२: केलेले ८००, दिलेले ६५४, जिंकल्या १०३.

म्हणजे जिअँबी गेल्यावर ८४ रन कमी झाले. भरपाई पूर्ण झालीच नव्हती! बिल जेम्सचा पायथागोरसवाला फॉर्म्युला लावला, केलेल्या रनचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या रनच्या वर्गांची बेरीज, १६२ ने गुणायचं. २००१ साठी १०५.७ विजय येतात, २००२ साठी ९७.१. साधारण १० रनला एक विजय असा जो ठोकताळा आहे तोही बरोबर बसतोय, फरक एकूण ९३ रनांचा आणि विजयांचा फरक साडेआठ.

याचा अर्थ ओकलंडचा जनरल मॅनेजर बिली बीनचं चुकलं असा अजिबात नाही. १२ कोटी नसताना साडेआठ विजयांचीच खोट खाऊन ९७ च्या लायकीची टीम उभी करणं हे अफाट काम आहे. पण ‘जिअँबी गेला तरी काही फरक पडला नाही’ हे जे सगळीकडे सांगितलं जातं ते खरं नाही, फरक पडला, तो पाच-सहा जास्तीच्या विजयांनी झाकला गेला. आणि दिलेल्या रनचा आकडा बघा, ६४५ आणि ६५४, जवळपास सारखा, कारण हडसन, मल्डर आणि झिटो हे पिचर तिघंही तिथेच होते. झिटोला २००२ चा साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) मिळाला, तेहाडाला एमव्हीपी (लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा). ही सगळी घरची पोरं, सहा वर्षांच्या आतली, म्हणून स्वस्त. हॅटबर्गवर माझं प्रेम आहे पण त्या टीमचा कणा हे लोक होते आणि त्यांचं नाव मागे पडावं हे मला पटत नाही.

डेमनवर अजून एक गोष्ट करून बघितली. त्याचा २००१ चा ०.३२४ बघून वाटतं बोस्टनने भलतेच पैसे दिले. पण स्टॅट्सवाल्या टॉम टँगोची जी साधी पद्धत आहे, शेवटच्या तीन वर्षांना ५, ४, ३ असं वजन द्यायचं, ती लावली. २००१ ला ०.३२४, २००० ला ०.३८२, १९९९ ला ०.३७९. (टँगो यात पुढे लीगच्या सरासरीकडे ओढतो आणि वयाचाही हिशोब करतो, ते मी सोडून दिलं.) उत्तर ०.३५७. २००२ मध्ये बोस्टनला प्रत्यक्षात ०.३५६! इतकं जवळ येणं हा योगायोगच, पण दिशा योगायोग नाही. एकच वर्ष बघितलं तर खेळाडू दिसतच नाही, तीन बघितली की दिसायला लागतो. जिअँबीला हेच लावलं तर ०.४६३ येतं आणि झालं ०.४३५, तो त्या जानेवारीत ३१ चा झाला होता. तरी ०.४३५ म्हणजे जबरदस्तच, पहिली दोन वर्षं यांकीजना मिळालं ते दिल्या पैशाचं मिळालं, २००४ ला मात्र ८० मॅच आणि ०.२०८ अ‍ॅव्हरेज. त्या काळावर स्टेरॉइडचं सावट आहे, कुठलाही कॉलम ते वेगळं काढून देत नाही.

२३ नोव्हेंबर

आता पिचर. माइक हॅम्प्टन, डिसेंबर २०००, कोलोराडो रॉकीज, ८ वर्षं १२ कोटी १० लाख डॉलर.

रॉकीजचं मैदान, डेन्व्हरचं कूर्स फील्ड, समुद्रसपाटीपासून साधारण १६०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर मेजर लीगचं स्टेडियम बांधलंय असं समजा. हवा विरळ. मारलेला बॉल लांब जातो आणि फेकलेला बॉल नेहमीसारखा वळत नाही, कारण वळायला हवेचा दाब लागतो. पिचरच्या दोन्ही बाजूंनी नुकसान.

रॉकीजचा विचार वरवर शहाणपणाचा होता. हॅम्प्टन सिंकर (खाली बुडणारा बॉल) टाकायचा, बॅटर जमिनीवर मारायचे, जमिनीवरचा बॉल उंचीवर असला काय नि नसला काय. २००० मध्ये मेट्ससाठी २१७ इनिंग्जमध्ये त्याने फक्त १० होम रन दिले होते, ईआरए (नऊ इनिंग्जमागे पिचरच्या खात्यावरचे रन, कमी तेवढं चांगलं) ३.१४.

पण त्याच ओळीत पुढचे कॉलम बघा. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट केलेले बॅटर) १५१, वॉक ९९. वॉक भरपूर, स्ट्राइकआउट मध्यम. म्हणजे त्याचा सगळा डोलारा उभा होता होम रन न देण्यावर. २००१ मध्ये व्होरोस मॅक्रॅकन नावाच्या अभ्यासकाने जे मांडलं की बॅटला लागून मैदानात पडलेल्या बॉलचं काय होतं यावर पिचरचा ताबा फार कमी असतो, त्याच्या हातात असतात ते स्ट्राइकआउट, वॉक आणि होम रन, ते इथे अगदी लख्ख दिसतं. या तिघांतले दोन हॅम्प्टनचे साधारण होते आणि तिसरा, ज्यावर तो उभा होता, नेमका तोच डेन्व्हरला टिकणारा नव्हता. २००१: २०३ इनिंग्ज, ३१ होम रन, ईआरए ५.४१. नऊ इनिंग्जमागे होम रन ०.४१ वरून १.३७ वर. २००२ ला ईआरए ६.१५ आणि स्ट्राइकआउट फक्त ७४, तेव्हा त्याला काहीच विश्वास उरला नव्हता हे आकड्यांवरूनही वाचता येतं. वाईट वाटतं. माणूस तोच, हात तोच. (बॅटर म्हणून मात्र त्याच २००१ मध्ये त्याने स्वतः ७ होम रन मारले, पिचर असून!)

मेट्सच्या मैदानाचा पिचरवाला कॉलम आणि रॉकीजचा कॉलम शेजारी ठेवले असते तर एवढं तरी दिसलं असतं की बाकी जाऊ दे, या माणसाचं होम रनचं प्रमाण कुणीही विकत घेऊ नये. त्याच हिवाळ्यात त्यांनी डेनी नीगललाही ५ वर्षं ५ कोटी १० लाख दिले.

३० नोव्हेंबर

फ्रँक रॉबिन्सन, ९ डिसेंबर १९६५. सिनसिनाटीने त्याला बाल्टिमोरला दिला, बदल्यात मिल्ट पापास आणि अजून दोघं. मालक बिल डिविटचं म्हणणं होतं की रॉबिन्सन तीस वर्षांचा आहे आणि तो काही तरुण तिशीतला नाही. त्या वर्षीचे त्याचे आकडे: ३३ होम रन, ११३ आरबीआय (फटक्याने आणलेले रन), स्लगिंग (अ‍ॅट बॅटमागे मिळवलेले बेस) ०.५४०. उतरंडीचं एकही लक्षण नाही. वयाचा नियम सगळ्यांच्या सरासरीचा असतो, समोरच्या माणसाच्या आकड्यांत काही दिसत नसताना नुसत्या वयावर विकणं म्हणजे अर्धाच हिशोब. १९६६ ला ट्रिपल क्राउन (अ‍ॅव्हरेज, होम रन, आरबीआय तिन्हींत लीगमध्ये पहिला), ०.३१६, ४९ होम रन, १२२ आरबीआय, वर्ल्ड सिरीज ४-० नी जिंकली, आणि दोन्ही लीगमध्ये (नॅशनल आणि अमेरिकन) एमव्हीपी झालेला तो पहिला खेळाडू ठरला.

पापासचा ईआरए २.६० वरून ४.२९. सिनसिनाटीचं क्रॉस्ली फील्ड लहान होतं, तिथे मार खाणं आलंच.

९ डिसेंबर

सकाळी उठलो तर फोनवर मामेभावाचे मेसेजवर मेसेज. तो न्यू जर्सीत असतो, मेट्सचा पक्का फॅन. ‘अरे सोटो आला!! १५ वर्षं!!’ ह्वान सोटो, मेट्स, ७६ कोटी ५० लाख डॉलर. खेळांच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार. दुपारी परत त्याचा मेसेज, ‘तुझं शीट काय म्हणतंय, लुटले गेलो का आम्ही?’

शीटचं म्हणणं असं. सोटो २६ वर्षांचा आहे, फ्री एजंटमध्ये असं वय सहसा मिळत नाही कारण तो एकोणिसाव्या वर्षीच लीगमध्ये आला होता. म्हणजे त्याची चांगली वर्षं अजून यायचीत, मागची विकत घ्यावी लागत नाहीयेत. दुसरं, त्याची मुख्य ताकद वॉक, २०२४ मध्ये १२९, आणि कोणता बॉल सोडायचा ही नजर मैदान बदललं म्हणून बदलत नाही, हवा बदलली म्हणूनही नाही. सोबत येणाऱ्या गोष्टींमध्ये ही सगळ्यात वरची. ५-४-३ लावून पुढच्या वर्षीचा ओबीपी ०.४११ च्या किंचित वर येतो, तो लिहून ठेवला.

पैशांबद्दल एक गोष्ट सगळे चुकीची तुलना करतायत. डॉजर्सच्या ओहतानीचे ७० कोटी हे नावाला ७० कोटी, त्यातले ६८ कोटी २०३४ ते २०४३ मध्ये बिनव्याजी मिळणार, म्हणून लीगच्या हिशोबात ते वर्षाला साधारण ४ कोटी ६० लाख धरले जातात. सोटोचे पैसे असे पुढे ढकललेले नाहीत. शेवटची चार-पाच वर्षं, तो ३६-३७ चा झाल्यावर, मेट्सना जड जाणार हे दिसतंय, पण हे असे करार पहिल्या आठ-दहा वर्षांसाठीच असतात.

भावाला लिहिलं, ‘लुटले नाही गेलात, महाग घेतलाय पण बरोबर माणूस घेतलाय.’

१४ डिसेंबर

या आठवड्यात दोन ट्रेड झाले आणि दोन्ही माझ्या प्रश्नासाठीच झाल्यासारखे.

पहिला, पिचर गॅरेट क्रोशे, व्हाइट सॉक्सकडून रेड सॉक्सकडे, बदल्यात चार तरुण खेळाडू. क्रोशेचं २०२४ चं रेकॉर्ड ६-१२. सहा जिंकल्या बारा हरल्या. पण टीम कुठली होती? १२१ मॅच हरलेले व्हाइट सॉक्स, आधुनिक काळातला हा नीचांक आहे. ते ६-१२ मागे शिकागोतच राहणार. सोबत काय येतंय: १४६ इनिंग्ज, २०९ स्ट्राइकआउट, ३३ वॉक. नऊ इनिंग्जमागे १२.९ स्ट्राइकआउट, आणि वॉक एवढे कमी. हॅम्प्टनच्या ओळीशेजारी ही ओळ ठेवली आणि बघतच राहिलो. एकच काळजी, ३२ स्टार्टमध्ये (त्याने सुरू केलेल्या मॅचमध्ये) १४६ इनिंग्ज म्हणजे स्टार्टला साडेचारच, उरलेल्या इनिंग्ज हा हात पेलेल का हे अजून कुणी बघितलेलं नाही.

दुसरा, ह्यूस्टनने काइल टकर कब्सना दिला, त्याचं एकच वर्ष उरलं होतं म्हणून. बदल्यात आले तिघं, त्यातला एक इसाक पारेदेस, आणि मला खरा रस पारेदेसमध्ये आहे.

पारेदेस काही फार ताकदवान हिटर नाही. तो बॉल डावीकडे, अगदी फाउल पोलच्या (मैदानाच्या हद्दीवरच्या खांबाच्या) कडेकडेने उंच उचलतो. टँपा बेच्या मैदानात डावीकडची भिंत ३१५ फुटांवर, तिथे २०२३ मध्ये त्याचे ३१ होम रन. २०२४ च्या जुलैत तो कब्सकडे गेला, रिग्ली फील्डला तीच भिंत ३५५ फूट. ५२ मॅचमध्ये ३ होम रन! लोक म्हणाले संपला. काही संपला नाही, तो तेच फटके मारत होता आणि ते भिंतीच्या आत पकडले जात होते. आता ह्यूस्टन. डावीकडची भिंत किती? ३१५. त्यांच्या ऑफिसात ज्याने कुणी हे ताडलं त्याला माझा सलाम. मैदानाचा हिशोब आपण नेहमी खेळाडूच्या आकड्यातून ‘वजा’ करायला वापरतो, इथे त्यांनी त्या माणसाच्या मापाचं मैदान आपल्याकडे आहे हे ओळखून त्याला घेतलाय.

२२ डिसेंबर

डेव्हिड ऑर्टिझ. डिसेंबर २००२ मध्ये मिनेसोटाने त्याला चक्क सोडून दिलं, ट्रेडसुद्धा केला नाही, लवादाने पगार वाढेल म्हणून. जानेवारी २००३ मध्ये रेड सॉक्सनी घेतला, साडेबारा लाख डॉलर.

२००२ ची त्याची ओळ: ४१२ अ‍ॅट बॅट, ११२ हिट, त्यात ३२ डबल, १ ट्रिपल, २० होम रन. स्लगिंगसाठी एकूण बेस मोजायचे (डबलचे २, ट्रिपलचे ३, होम रनचे ४), २०६. २०६ भागिले ४१२, बरोबर ०.५००. वय २७. मनगट आणि गुडघा दोन्ही त्या काळात दुखावलेले. असा माणूस फुकट सोडला जातो याचं मला आजही आश्चर्य वाटतं. त्याच हिवाळ्यात रेड सॉक्सनी बिल जेम्सला नोकरीवर घेतलं होतं, आणि त्यांनी ऑर्टिझसोबत बिल म्यूलर, केविन मिलार, टॉड वॉकर, जेरेमी जिअँबी अशी बरीच स्वस्त माणसं जमवली. सगळे लागले नाहीत, जेरेमी जिअँबी चाललाच नाही. म्यूलरने लीगचं बॅटिंग टायटल घेतलं, ०.३२६. टीमचं स्लगिंग ०.४९१, तोपर्यंतचा विक्रम. पुढच्या वर्षी ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज.

पण नुसत्या आकड्यांनी ऑर्टिझ आला असं लिहिलं तर अन्याय होईल. टीमचाच पिचर पेड्रो मार्टिनेझने रेड सॉक्सना फोन करून याला घ्या म्हणून सांगितलं होतं. डॉमिनिकन रिपब्लिकमधला आपला माणूस मोकळा झालाय हे त्याला आधी कळलं. शीट आणि माहीतगार माणूस एकाच नावावर आले की ते नाव घ्यावंच.

५ जानेवारी २०२५

पिचर नोलन रायन. १० डिसेंबर १९७१, मेट्सनी तो आणि अजून तिघं एंजल्सना दिले, जिम फ्रेगोसी या एका बॅटरसाठी. इतिहासातला सगळ्यात वाईट ट्रेड म्हणून कायम यादीत असतो, म्हणून मुद्दाम त्याची १९७१ ची ओळ काढली, की शीट लावलं असतं तर वाचले असते का?

१५२ इनिंग्ज, १३७ स्ट्राइकआउट, ११६ वॉक, ईआरए ३.९७. प्रामाणिकपणे सांगायचं तर ही ओळ कुणाची हे न बघता दाखवली असती तर मीही ‘द्या याला’ म्हटलं असतं. स्ट्राइकआउट उत्तम, पण वॉक इतके की पुढे वाट दिसत नाही. पुढच्याच वर्षी २८४ इनिंग्ज, ३२९ स्ट्राइकआउट, ईआरए २.२८. आणि वॉक? १५७. म्हणजे वॉक गेलेच नाहीत, इनिंग्जमागे कमी झाले एवढंच. बाकी सगळं त्या हातात होतं आणि दर चार दिवसांनी बॉल मिळाल्यावर बाहेर आलं.

याला मेट्सचा मूर्खपणा म्हणायला मी तयार नाही. तो वेग डोळ्यांनी बघणारा स्काउट (खेळाडू हेरणारा माणूस) इथे शीटपेक्षा पुढे होता. फ्रेगोसीचं मात्र कळायला हवं होतं, १०७ मॅच, ०.२३३, दुखापतींनी भरलेलं वर्ष. घेतलेला खेळाडू नीट न बघणं ही त्या ट्रेडमधली खरी चूक.

२ नोव्हेंबर २०२५

सीझन संपला, लिहून ठेवलेलं पडताळून बघितलं.

क्रोशे: १८-५, ईआरए २.५९, २५५ स्ट्राइकआउट, २०५ इनिंग्ज. नऊ इनिंग्जमागे स्ट्राइकआउट १२.९ वरून ११.२ वर आले पण हाताने इनिंग्ज पेलल्या. ६-१२ चं १८-५ झालं यात त्याचा वाटा आहे तसा टीमचाही आहे, म्हणून मी आताही तो कॉलम बघणार नाही.

पारेदेस: १०२ मॅचमध्ये २० होम रन, ऑल स्टार. जुलैत हॅमस्ट्रिंग गेला नसता तर तीस झाले असते. भिंतीचा हिशोब बरोबर होता.

सोटो: ओबीपी ०.३९६. माझा आकडा ०.४११, सुरुवातीचे दोन महिने त्याला जड गेले. वॉक १२७, अपेक्षेप्रमाणे सोबत आले. होम रन ४३. मेट्स शेवटच्या दिवशी मायामीत हरून प्लेऑफच्या बाहेर गेले, भाऊ दोन दिवस बोलला नाही. आणि मग स्टोलन बेस (पिचर बॉल टाकत असताना धावून घेतलेला पुढचा बेस): ३८! आदल्या वर्षी ७. लीगमधल्या हळू धावणाऱ्यांत गणला जाणारा माणूस पिचरची हालचाल वाचून ३८ बेस चोरतो. हे जुन्या आकड्यांत कुठेच नव्हतं, मागे राहिलेलं नाही आणि सोबत आणलेलंही नाही, तिथे जाऊन शिकलेलं आहे. याला शीटमध्ये कुठे ठेवायचं हे या हिवाळ्याचं काम. मेट्सच्या बेस रनिंग कोचकडे आलेल्या बाकीच्या खेळाडूंचे आधीचे-नंतरचे आकडे काढायला घेतलेत.

टकर आता फ्री एजंट झालाय, जानेवारीत २९ चा होईल. प्लेट अपिअरन्स (बॅटिंगला आलेल्या एकूण वेळा) धरून ५-४-३ लावलं, ओबीपी ०.३८ च्या आसपास येतो. शीटमध्ये तारीख टाकून लिहून ठेवलाय, टीमचं नाव कळलं की मैदानाचा कॉलम भरायचा.